रविवारी भरलेल्या कॅसेटी

सर, तुमच्या कॅसेटी हळू चालतात. सगळ्याच्या सगळ्या. तुम्ही असता तर हे वाक्य तुमच्यासमोर उच्चारायची माझी छाती झाली नसती, आणि तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाल्यावरही ते लिहिताना मी खुर्चीत जरा सरळ होऊन बसलोय. आज रविवार आहे. संध्याकाळपर्यंत मला पोरीला एक उत्तर द्यायचंय. तीन दिवस झाले, ते जमत नाही, कारण उत्तर लिहायला घेतलं की पहिलं वाक्य तुमचं येतं. ते खोडलं की दुसरंही तुमचंच. म्हटलं, आधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

पोरीला तुम्ही पाहिलंत तेव्हा ती दुपट्यात होती. आता पुण्यात असते आणि ड्रम वाजवते. तीन मित्र आणि ही, असा चौघांचा बँड. गुरुवारी तिनं माझ्या फोनवर एक गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, 'पप्पा, नवीन आहे. ह्यावर लिहू नका. नुसतं सांगा. सोमवारी आम्ही सगळीकडे टाकतोय.' बायकोनं ती ओळ माझ्या खांद्यावरून वाचली आणि म्हणाली, "आता तरी नीट बोला. ह्या खेपेला जीभ चालवली तर परत काय ती पाठवायची न्हाय." तिचं बरोबर आहे. मागच्या खेपेला मी काय केलं ते सांगतोच, पण त्याआधी थोडं मागं जाऊ द्या. ज्यात मी बरा दिसतो तो भाग मागंच आहे.

ड्रॉइंग ऑफिसात तुमच्या हाताखाली लागलो तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. अजून डोळे मिटले की आधी अमोनियाचा वास येतो. प्रिंटच्या यंत्रातून कागद गरम, दमट असा बाहेर पडतोय, डोळ्यांतून पाणी येतंय, आणि तुम्ही खिडकीजवळच्या बोर्डावर वाकलेले आहात. दुसऱ्याच आठवड्यात मी शाफ्टचं मूळ ट्रेसिंग उचलून तसंच शॉपमध्ये नेलं होतं. फिटरनं त्यावर जेवणाचा डबा ठेवला. परत आणलं तेव्हा शाफ्टच्या मधोमध ठेच्याच्या तेलाचं गोल वर्तुळ. तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही पट्टी घेतलीत, त्या वर्तुळाचा व्यास मोजलात, "पंच्याऐंशी हाय" म्हणालात, आणि मग सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणालात, "मूळ कपाटात ऱ्हातंय. कामावर प्रिंट जाती. हे ज्याला कळलं न्हाय त्यानं गुऱ्हाळावर चुलवाण सांभाळावं." पुढं दोन महिने ऑफिसात मला 'पंच्याऐंशी' म्हणायचे. मूळ कपाटात आणि प्रिंट कामावर, हे मात्र डोक्यात असं बसलं की आजही मी मूळ गोष्टीला हात लावायला कचरतो, मग ती कागद असो की माणूस.

हाच नियम तुम्ही गाण्याला लावलात. मी जन्मलो त्या सुमाराला कारखान्यात यंत्रं बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. तुम्ही तेव्हा तरुण ड्राफ्ट्समन, त्याची भाषा तुम्हाला येत नव्हती आणि तुमची त्याला, पण ड्रॉइंगवर दोघांचं जमलं. जाताना सामान जड होतंय म्हणून तो आपला रेकॉर्ड प्लेअर आणि लाकडी पेटीभर रेकॉर्डी तुमच्याकडे टाकून गेला. सगळं प्रोग्रेसिव्ह रॉक, सत्तरच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यातलं. एकेक गाणं रेकॉर्डीची अख्खी बाजू खाणारं, मध्येच देवळाच्या गाभाऱ्यात घुमावा तसा ऑर्गन, मध्येच बासरी, मध्येच सात मात्रांवर लंगडत धावणारी गिटार. लासुर्ण्याच्या तुमच्या घरात, तिन्ही बाजूंनी ऊस आणि चौथ्या बाजूला रस्ता, ते तुम्ही वर्षानुवर्षं ऐकलंत आणि मग आम्हाला ऐकवलंत.

रेकॉर्ड घासली की संपली, म्हणून ती एकदाच लावायची. लावायची तीही कॅसेटवर भरून घेण्यापुरती. नंतर रेकॉर्ड कपाटात, कपाटाला कुलूप, आणि पुढचं सगळं आयुष्य कॅसेटवर. प्रत्येक कॅसेटच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात, खाली, तुमच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात ड्रॉइंगला असते तशी चौकट: काढणार, तपासणार, स्केल. 'काढणार'समोर तुमची सही. 'तपासणार'समोर काही नाही. 'स्केल'समोर एकास एक. नोकरीत कायम झालो त्या दिवशी मी तुम्हाला पेढे द्यायला आलो, तर तुम्ही पेढा बाजूला ठेवून मला तसली पहिली कॅसेट दिलीत आणि म्हणालात, "ही घे. लग्नात आहेर द्यायचा न्हाय मी, हाच समज." त्या कॅसेटवरच्या गायकाचा आवाज खर्जातला, भारदस्त, मृत्युपत्र वाचून दाखवतोय असा. मी ती इतक्यांदा ऐकली की माझ्या बापाचा आवाज आता आठवत नाही, त्या गोऱ्याचा आठवतो.

दर रविवारी आम्ही पाच जण तुमच्याकडे यायचो. सगळे ऑफिसातले. जमिनीवर सतरंजी, मधोमध टेप, आणि तुम्ही भिंतीला टेकून. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचा, "अजून त्येचं संपलं न्हाय व्हय?" आणि तुम्ही म्हणायचात, "अगं, आत्ता कुठं तोंड धुतलंय त्यानं." तुमचं सगळ्यात मोठं मत ठहरावाबद्दल होतं. "घाई न्हाय बघा ह्या मानसांना. गाडीत आडवा पडून आभाळ बघत चाललाय गडी. बैलांना ठावं हाय घर." पुढच्या दशकांतलं संगीत घाईचं, चिरक्या आवाजाचं, म्हणून खोटं. दुसरं मत शेवटाबद्दल. ती लांबलचक गाणी रंगात आलेली असताना खट्‌कन थांबायची. मी एकदा विचारलं, "सर, हे असं अर्ध्यात का सोडतात?" तुम्ही माझ्याकडं कीव करत पाहिलंत. "मोठा माणूस रामराम घालत बसत न्हाय. उठतो आन जातो." आम्ही पाचही जणांनी माना हलवल्या. ते वाक्य मी पुढं कितीदा वापरलं असेन. तुम्ही स्वतः निमगाव केतकीच्या बाजारात भाजीची पिशवी हातात घेऊन उभ्या उभ्या गेलात, तेव्हा तुमच्या दहाव्याला मी तेच वाक्य बोललो आणि लोकांनी डोळे पुसले.

आणि संगीत संपलं कधी, तर त्या दशकाच्या बरोबर मध्यावर. त्यानंतर सगळं उतरणीला. का संपलं, ह्यावर तुम्ही तासभर बोलू शकत होता: पैसा आला, यंत्रं आली, माणसं आळसावली. मला पंचेचाळिशी उलटल्यावर एका ट्रॅफिकात गाडीत बसून लक्षात आलं की संगीत तेव्हा संपलं, कारण त्या इंजिनिअरचं विमान तेव्हा होतं. तो आणखी सहा वर्षं राहिला असता, तर सुवर्णयुगही सहा वर्षं लांबलं असतं.

आता ती दुसरी कॅसेट. एकदा पुण्याला गेलो होतो तर तुमच्याच लाडक्या बँडची ऐंशीच्या दशकातली कॅसेट दुकानात मिळाली. तीच माणसं, पण केस कापलेले, कोटाला खांदे लावलेले, आणि गाणी चार-चार मिनिटांची. एसटीत मी ती वॉकमनवर तीनदा ऐकली आणि मला ती आवडली, सर. त्यातल्या एका गाण्यात तोच गायक पहिल्यांदाच कुठल्या राजाराण्यांबद्दल न गाता एका फोनबद्दल गात होता, जो वाजत नाही. रविवारी मी ती मोठ्या उत्साहानं तुमच्या टेपमध्ये घातली. दीड मिनिट तुम्ही ऐकून घेतलंत. मग बटण दाबलंत, कॅसेट बाहेर काढलीत, सतरंजीवर माझ्यासमोर ठेवलीत. "ह्यात रस न्हाय. हे उसाचं वाळकं पाचट हाय." बाकीचे चौघं हसले. तुम्ही मला विचारलंत, "काय रं, हाय का न्हाय पाचट?" आणि मी म्हणालो, "व्हय सर. पाचटच." त्या दिवसापासून मी अडकलो असं मला आता वाटतं. खोटं बोललो म्हणून नव्हे, ते तर मी ऑफिसात रोज बोलायचो. पण ते खोटं बोलल्यावर तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत, आणि मला ती थाप आवडली.

तेव्हापासून आजतागायत मी पाचट म्हणत आलोय. ड्रॉइंग ऑफिस संगणकानं गिळलं, मी लोणी देवकरच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात लागलो, जिथं दिवसभर दुसऱ्यांच्या मापातल्या चुका काढायच्या असतात. शिवाय बारामतीच्या एका साप्ताहिकात टोमण्यांचा एक कॉलम लिहितो. इंदापुरातली माणसं मला रस्त्यात थांबवून 'काल कुणाची साल काढली?' असं विचारतात. आम्हा पाच जणांचा फोनवर ग्रुप आहे. त्यात कुणी नवं काही टाकलं की उरलेले चौघं मिनिटभरात 'पाचट' लिहितात, ऐकायच्या आधी. नव्वदच्या दशकातली उत्तर युरोपातली ती थंड, उदास बँडं: पाचट. त्यानंतर आलेली ती भयंकर वेगवान पोरं, जी गिटार अशी वाजवतात की स्पर्धा परीक्षेचा पेपर सोडवतायत आणि शेवटची पाच मिनिटं उरलीत: पाचट. आताची ती विशी-पंचविशीतली, जी सत्तरातलाच ऑर्गन संगणकातून काढून जुन्या धाटणीचं हुबेहूब वाजवतात: ती तर डबल पाचट, कारण ती आपली नक्कल करतात.

माझं खरं मत विचाराल तर, आणि ते आजवर कुणी विचारलेलं नाही, जुन्यातल्या अर्ध्या गाण्यांत भुसा भरलाय. वीस मिनिटांच्या गाण्यात सात मिनिटं कुणीतरी नुसता ऑर्गनवर बोटांचा व्यायाम करतोय. चेटकीण, पऱ्या, चंद्रावरचे सम्राट, ह्यातलं काही इंदापूर तालुक्याच्या कामाचं नाही, आणि त्यांच्याही गावाच्या कामाचं नसावं. पण उरलेल्या अर्ध्यात असं काही आहे की छातीत दार उघडल्यासारखं होतं. नव्वदच्या दशकातल्या त्या उदास लोकांची एक सीडी माझ्या गाडीत कित्येक वर्षं आहे. इंदापूर ते लोणी देवकर, जाताना तीन गाणी, येताना तीन. बायको गाडीत बसली की मी ती बंद करतो. एखाद्या माणसाला दुसरं घर असावं तसं ते चाललंय.

आता पोरीचं. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती. माझा डेक, तुमची कॅसेट, आणि मी तिला ठहराव समजावून सांगतोय. ती ऐकत होती, डोकं जरा तिरकं करून, आणि मग म्हणाली, "पप्पा, हे हळू आहे."

"हळू नाही, ह्याला ठहराव म्हणतात."

"तसं नाही. स्पीडच कमी आहे. सूर बघा ना, कुठल्याच पट्टीत बसत नाही." तिनं फोनवर तेच गाणं लावलं. फोनवरचा गायक भराभरा गात होता, आवाज पातळ, जवळजवळ चिरका. मी म्हणालो, "फोनवाल्यांनी पळवलंय." ती म्हणाली, "सगळ्या जगात पळवलं आणि लासुर्ण्यात तेवढं नीट राहिलं?" मी म्हणालो, डेक जुना झालाय. तिनं घरातली दुकानातून आणलेली एक जुनी भावगीतांची कॅसेट त्याच डेकवर लावली, ती फोनशी अगदी तंतोतंत जुळली. म्हणजे डेक बरोबर, कॅसेट चूक. तिनं हे हसत हसत सांगितलं, मला खिजवायला नव्हे, गंमत सापडली म्हणून. त्याच संध्याकाळी तिनं मला तिच्या बँडचं पहिलं गाणं ऐकवलं आणि विचारलं, "कसंय?" मी काय म्हणालो ते तुम्ही ओळखलंच असेल.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढच्याच आठवड्यात कॉलम लिहिला. नाव घातलं नाही, पण इंदापुरात कुणाची पोर ड्रम वाजवते हे काय लपतं. 'तालाला मात्रा तेरा, ऐकणारे चार, त्यातले दोघं घरमालक' असं एक वाक्य होतं. 'ही पिढी दर तीन मिनिटांनी दुःखी होते आणि मध्ये चहा पिते' असं दुसरं. लोकांना फार आवडला तो लेख. बारामतीत कुणीतरी तो मोठा करून कटिंगच्या दुकानात लावला. पोरीच्या मित्रांनी वाचला. तिनं मला फोन करून एवढंच म्हटलं, "छान लिहिलंय," आणि त्यानंतर फोन बायकोच्या फोनवर येऊ लागले. मला राग कशाचा आला होता, हे मी तेव्हाही जाणत होतो. तिच्या गाण्याचा नव्हता. आयुष्यभर ज्यावर डोकं टेकवलं ते हळू आहे, हे तिनं दोन मिनिटांत सिद्ध केलं होतं.

तर काल, शनिवारी, पहिली पाळी सुटल्यावर मी परस्पर लासुर्ण्याला गेलो. मूळ बघितल्याशिवाय आता पुढं जाता येणार नव्हतं. काकू स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. गुडघे गेलेत त्यांचे, पण जीभ शाबूत आहे. "बस. पाट नको घिऊ, खुर्ची घे. तुझं प्वाट आता वाकू द्यायचं न्हाय तुला."

"काकू, ते कपाट उघडायचं होतं. रेकॉर्डीचं."

"किल्ली जिऱ्याच्या डब्यात हाय. मला वाटलं तुमी पोरं तेरावं झालं की येशीला. वीस वरसं जिरं काढताना बाजूला सारती मी ती."

प्लेअर चालू झाला. मीच थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिलो, कारण तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याला हात लावलेला मी पाहिला नव्हता. रेकॉर्ड ठेवली, सोबत आणलेल्या टेपमध्ये त्याच गाण्याची तुमची कॅसेट घातली, आणि दोन्ही एकदम सुरू केलं. मिनिटभरात रेकॉर्ड पुढं निघून गेली. तोच चिरका, घाईतला गायक. तुमच्या कपाटात तो पहिल्यापासून होता. आणि मग शेवट. कॅसेट मागं रेंगाळतच होती, तेवढ्यात ती जिथं नेहमी खट्‌कन थांबते ती जागा रेकॉर्डीवर आली. रेकॉर्ड पुढं चालूच राहिली, मी कधीच न ऐकलेल्या भागात. सगळी वाद्यं एकेक करून परत येतात, सुरुवातीची धून वाजवतात, हळूहळू बारीक होत जातात. सर, तो माणूस चक्क रामराम घालतो. हात जोडून, दारापर्यंत येऊन, व्यवस्थित. हळू भरल्यामुळं गाणं लांबलं आणि फितीत मावलं नाही, एवढीच त्या खट्‌कन थांबण्यामागची थोरवी.

मी काकूंना विचारलं, "सर हे भरायचे कधी?"

"कवा म्हंजी? रैवारी. दुसरा कुटला वार हुता त्यांना?"

"लाईट असायची?"

"असायची की. रैवारीच आपली थ्री फेजची पाळी. शिवारातल्या समद्या मोटारी एकदम चालू. बल्ब निस्ता लाल व्हायचा. मला तांदळातलं खडं दिसायचं न्हाईत, भाईर पायरीवर जाऊन बसायची."

"आणि टेप?"

"टेप सेलवर. लाईटवर लावला की गाण्यात घूं घूं येतंय म्हनायचं."

म्हणजे असं. उसाला पाणी सोडायला सगळ्यांच्या मोटारी चालू, व्होल्टेज पडलेलं, त्यावर प्लेअर रेंगाळत फिरतोय. आणि शेजारी टेप मात्र सेलवर, अगदी नेमक्या गतीनं, ते रेंगाळणं इमानदारीत टिपून घेतोय. तुम्ही काळजी घेतलीत म्हणूनच चूक झाली. आणि मूळ परत कधी काढायचंच नाही म्हटल्यावर ती सापडणार कशी. मी हे काकूंना समजावलं. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली.

"म्हंजी मोटारीनी गाणं हळू केलं?"

"व्हय काकू."

"आन तुमी पाचजण त्यालाच मुंड्या हलवत हुता?"

"व्हय."

त्या हसल्या नाहीत. परत जुडी उचलली आणि म्हणाल्या, "त्यांना तरी कुटं आवडत हुतं शेवटाला." मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. तर त्या सांगत गेल्या, देठं खुडत. शेवटची चार-पाच वर्षं आम्ही उठून गेलो की तुम्ही टेप बंद करून स्वयंपाकघरात यायचात. ह्याच फळीवर रेडिओ. त्या भाकरी थापायच्या, तुम्ही भिंतीशी बसून शेंगा सोलायचात, आणि रेडिओवर जे लागेल ते ऐकायचात. सिनेमातली गाणी, शेतकऱ्यांसाठी सल्ला, जाहिरातीसुद्धा. "एकदा मी म्हनलं, मग सांगा की त्या पोरांना, कटाळा आलाय मला म्हणून. तर म्हनलं, लांबनं येत्यात गं. त्यांना काय सांगू."

सर, आम्ही येत होतो कारण आम्हाला वाटायचं की आलो नाही तर तुम्हाला एकटं वाटेल. आमच्यातल्या दोघांना तर ते संगीत कधीच आवडलं नव्हतं, हे त्यांनी तुमच्या दहाव्याहून परतताना मला सांगितलं होतं. म्हणजे दर रविवारी एका खोलीत सहा माणसं, एकमेकांचं मन मोडू नये म्हणून, पडलेल्या व्होल्टेजचं गाणं ऐकत बसायची. एकानं तरी म्हणायला हवं होतं, चला, शेंगा सोलू. तुम्ही म्हणाला असता तर बरं झालं असतं. तुम्ही मोठे होता. मला तुमचा राग आलाय, आणि तो काढायला तुम्ही नाही, हे तुमच्या स्वभावाला धरूनच झालं.

घरी आल्यावर रात्रीचं जेवणही न करता झोपलो. आज सकाळी उठून तिचं गाणं पाचव्यांदा ऐकलं. साडेचार मिनिटांचं आहे. पहिली दोन मिनिटं एक गिटार एकाच ठिकाणी घोटाळते. पाचावर मोजावं तर एक मात्रा उरते, सहावर मोजावं तर एक कमी पडते. मग ती शिरते. प्रत्येक ठोका ती शेवटच्या क्षणापर्यंत हातात धरून ठेवते. मी लिहायला बसलो, 'ह्यात रस', आणि थांबलो. मग हे पत्र सुरू केलं. मधे, वरचा मजकूर लिहून झाल्यावर, पेन ठेवलं आणि तिला फोन केला. लिहिलं तर कॉलम होईल, अशी भीती होती.

"बोला," ती म्हणाली.

"ऐकलं."

"मग?"

"तू शिरतेस तिथून पुढं प्रत्येक ठोक्याला मला वाटत होतं, हा चुकला. आणि तो चुकत नव्हता."

"ते मुद्दाम आहे," ती म्हणाली.

"कळलं मला. पाचव्यांदा ऐकल्यावर कळलं. शेवटी ती गिटार लांबते मात्र. मला नको वाटली."

"मलापण नकोय ती. दोन आठवडे भांडतेय मी त्याच्याशी." आवाजात जरा हसू आलं. मग तिनं विचारलं, "हे तुमचं आहे ना? का तुमच्या सरांचं?"

"माझं आहे."

"बरं."

तिथं मला सांगायचं होतं. वाक्य तयार होतं, गुरुवारपासून तयार होतं, गाडीत मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं: तो लेख मी लिहायला नको होता, माझी चूक झाली. मी म्हणालो, "आणि ते दिवाळीनंतरचं, तो लेख..."

"पप्पा, राहू द्या."

"नाही, म्हणजे..."

"राहू द्या. खरंच. उद्या टाकतोय आम्ही, तुम्ही मम्मीलाही ऐकवा."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. बायको दारात उभी होती, हातात इस्त्रीचे कपडे. "मागितली का माफी?"

"ती राहू द्या म्हणाली."

"ती म्हननारच. तुमी काय म्हनला?"

मी पेन उचललं, आणि ती कपडे घेऊन आत गेली. हे पत्र मी कुठं नेणार नाही आणि काकूंना वाचूनही दाखवणार नाही. ह्याचा फर्मास लेख होईल हे तिसऱ्या पानालाच माझ्या लक्षात आलं होतं, म्हणून पानं वहीतून फाडून वेगळी केलीत. एवढं फक्त तुम्हाला सांगतो. ती राहू द्या म्हणाली, तेव्हा मला बरं वाटलं.